सतरा वह्यांचा हिशोब

आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत सतरा वह्या आहेत. दर हंगामाची एक. मी व्यावसायिक गोल्फ खेळलो तेवढ्या वर्षांतली प्रत्येक फेरी त्यांत उतरवलेली आहे: कुठल्या होलवर कुठला क्लब काढला, चेंडू कुठे गेला, ग्रीनवर किती पट लागले. दर दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी खाली येते, बायको एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघते, आणि पेटी परत वर जाते.

लिहायची सवय मला एका म्हाताऱ्या कॅडीने लावली. "लिहून ठेवत जा रे पोरा," तो म्हणायचा, "डोकं आपल्याला पाहिजे तेवढंच ध्यानात ठेवतं." त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं.

हल्ली मी शिकवतो. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मोबाइल माझ्यापुढे धरतं. पडद्यावर कुठल्या तरी नव्या पद्धतीचा स्विंग संथ गतीत चाललेला असतो. "सर, हे शिकलो तर टूरवर टिकेन का?" या प्रश्नाला मी आयुष्यात दोनदा छातीठोक उत्तर दिलं आहे. आधी 'हो', नंतर 'अजिबात नाही'. दोन्ही वेळा चुकलो, आणि ते कळायला खेळणं सुटावं लागलं.

वडील पुण्यात गोल्फच्या मैदानावर माळीकाम करायचे. शाळा सुटली की मी आगेवाला म्हणून उभा राहायचो. आगेवाला म्हणजे खेळाडूच्या दीड-दोनशे यार्ड पुढे, झाडाच्या आडोशाला उभं राहून चेंडू कुठे पडतो ते बघणारा पोऱ्या. चेंडू हरवला तर शिव्या आपल्याला. तिथून स्विंग नीट दिसतच नाही. दिसतो एक ठिपका, कानावर येतो एक आवाज, आणि मग चेंडू वळतो किंवा वळत नाही. आवाजावरून मी सांगायचो, हा बरोबर मधोमध लागला, हा टाचेला लागला. कुणाचा स्विंग देखणा आहे याची मला काही पडलेली नसायची. ज्याचे चेंडू दर वेळी एकाच बाजूला जायचे तो चांगला, कारण त्याचे चेंडू लवकर सापडायचे.

मैदान सभासदांना बंद असे त्या दिवशी आम्हा पोरांना खेळायला मिळे. माझ्याकडे एकच क्लब होता, सात नंबरची आयर्न, कुणीतरी टाकून दिलेली, दांडा कापून आखूड केलेली. आखूड दांड्याने मारायचं म्हणजे वाकून, उभ्या वळणाने मारावं लागे. तोच माझा स्विंग झाला. उजवं कोपर अंगापासून सुटायचं, हात शेवटी चेंडूवरून कापत यायचे, चेंडू थोडा डावीकडे निघून उजवीकडे वळायचा. दर वेळी. ते दिसायला विहिरीतून पाणी शेंदल्यासारखं दिसतं असं एक जण म्हणाला होता. पण त्या स्विंगवर मी व्यावसायिक झालो, आणि बरीच वर्षं पोट भरलं.

आपल्याकडे अशांची कमी नव्हती. दिल्लीचे अली शेर कॅडी होते. १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये परत जिंकली. कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरासियाचे वडील गोल्फच्या मैदानावर ग्रीन सांभाळायचे. पोरगा बघून बघून शिकला आणि पुढे त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन नेली. महूचे मुकेश कुमारही कॅडीच. २०१६ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी दिल्लीत एशियन टूरची स्पर्धा जिंकली. यांच्यापैकी कुणाचा स्विंग पुस्तकातून आलेला नव्हता. पण तेव्हा मला यातून काही शिकायचं सुचलं नाही. मला वाटायचं, हे नशीबवान, आपण नाही.

२००८ माझं वाईट वर्ष. गोल्फची स्पर्धा चार दिवसांची असते. दोन दिवस झाले की कट लागतो. खालचे घरी जातात, आणि घरी जाणाऱ्याला बक्षिसातला एक रुपयाही मिळत नाही. प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट, लॉज, कॅडीचे पैसे, सगळं खिशातून. मी लागोपाठ सहा कट चुकवले. सहाव्या वेळी परत येताना स्लीपरच्या वरच्या बर्थवर पडून मी ठरवलं, हा शेंदायचा स्विंग आता बास.

त्या सुमाराला अमेरिकेत एका पद्धतीचा गाजावाजा होता. स्टॅक अँड टिल्ट. अँडी प्लमर आणि माइक बेनेट या दोन प्रशिक्षकांनी ती मांडली, आणि २००७ मध्ये 'गोल्फ डायजेस्ट' मासिकाने ती मुखपृष्ठावर घेतली. रूढ शिकवण अशी की क्लब मागे नेताना अंगाचा भार उजव्या पायावर घ्यायचा आणि मारताना डाव्यावर आणायचा. हे दोघे म्हणाले, भार हलवायचाच कशाला? सुरुवातीपासून तो डाव्या पायाकडे ठेवा, मागे जाताना डावा खांदा खाली घाला, उजवा गुडघा सरळ होऊ द्या. अंग इकडून तिकडे सरकलंच नाही तर क्लब जमिनीला दर वेळी त्याच जागी लागेल. तर्क बिनतोड होता. माइक वीर आणि ॲरन बॅडली यांच्यासारखे विजेते ते करत होते. आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या शहरातल्या एका प्रशिक्षकाकडे मी गेलो. त्याने डोकं भिंतीला टेकवून उभं केलं आणि हळूहळू वळायला लावलं. डोकं भिंतीवरून सरकलं की चूक. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. लॉजच्या खोलीत आरशाचं कपाट असलं की मी त्यापुढे रात्री क्लब घेऊन उभा. एकदा हात वर नेताना ट्यूबलाइट फुटली. मालकाने ट्यूबचे पैसे लावलेच, वर विचारलं, "साहेब, करता काय नक्की तुम्ही?" मी म्हणालो, नवा स्विंग करतोय. तो म्हणाला, "जुना काय वाईट होता?" मला राग आला होता.

पुढच्या वर्षी मी तीनदा पहिल्या दहांत आलो. चेंडू आता उजवीकडून डावीकडे, लांब, नीट वळून जायचा. आवाजसुद्धा निराळा. मी धर्मांतर केल्यासारखा झालो. रेंजवर शेजारी जो असेल त्याला सांगायचो. एक धाकटा खेळाडू होता, माझ्याच वस्तीतला, मला दादा म्हणायचा. त्याचा खेळ बरा चालला होता, काही दुखत नव्हतं की खुपत नव्हतं. मी त्याला सांगितलं, "तू पण बदल, आत्ताच बदल, पुढे उशीर होईल." त्याने माझं ऐकलं. दीड वर्षात त्याचा जुना स्विंग गेला आणि नवा आलाच नाही. आज तो एका दुकानात क्लबच्या ग्रिप बसवून देतो. भेटला की चहा पाजतो. एकदाही बोलून दाखवलेलं नाही, आणि तेच मला जड जातं.

माझंही फार दिवस टिकलं नाही. दोन वर्षांनी कंबर धरायला लागली. वारा सुटला की चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे जायचा. कुठे जाईल ते मलाच ठाऊक नसायचं. टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, गेलं, ते परत मिळवायला पात्रता फेऱ्या, त्यात आणखी पैसे. मी त्या पद्धतीला शिव्या देऊ लागलो. २०१५ मध्ये थांबलो तेव्हा माझी गोष्ट तयार होती: चांगला चाललेला माणूस पद्धतीच्या नादी लागला आणि वाया गेला. ऐकणारे मान डोलवायचे. गोष्ट सांगायला छान होती.

मग एका पावसाळ्यात पाठीने मला तीन आठवडे अंथरुणावर पाडलं. मुलीला तेव्हा शाळेत एक्सेल शिकवत होते आणि तिला सरावाला काहीतरी आकडे हवे होते. मी म्हणालो, ती पेटी काढ. मी पडल्यापडल्या वाचत गेलो, ती भरत गेली. मार्क ब्रोडी या अमेरिकी प्राध्यापकाचं नाव मी तोवर ऐकलं होतं. पीजीए टूरच्या लाखो फटक्यांची नोंद तपासून त्यांनी दाखवलं की अव्वल खेळाडूंची इतरांवरची आघाडी साधारण दोन तृतीयांश लांबच्या फटक्यांतून येते, आणि उरलेली एक तृतीयांश ग्रीनजवळच्या खेळातून आणि पटिंगमधून. आम्हीही आमच्या परीने तसेच खाने पाडले: टीवरचा फटका, ग्रीनकडचा फटका, जवळचा खेळ, पट.

पहिला धक्का २००८च्या वहीने दिला. त्या सहा कटांपैकी चार मी एकेका फटक्याने चुकवले होते. आणि त्या सगळ्या फेऱ्यांत चार-पाच फुटांचे पट मी इतके सोडले होते की वाचताना लाज वाटली. आयर्नचा खेळ तर शेवटच्या दोन स्पर्धांत सुधारायलाही लागला होता. म्हणजे मी विहीर बुजवायला निघालो ते पाणी चढत असताना. माणूस पद्धत बदलतो तो नेहमी सगळ्यात वाईट दिवशी. त्यानंतर थोडं बरं होणारच असतं. काहीच न करतासुद्धा. तापाच्या तिसऱ्या दिवशी अंगारा लावला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, तसं. हिशोब कुठल्या दिवसापासून धरायचा यावरच अर्धं उत्तर ठरतं.

दुसरा धक्का उलट्या बाजूचा. पद्धतीने मला खरोखरच काहीतरी दिलं होतं. नेमून दिलेल्या फटक्यांत ग्रीन गाठण्याचं माझं प्रमाण फेरीमागे जवळपास एका होलने वाढलं होतं, आणि कार्ड गेलं त्या वर्षीसुद्धा ते खाली आलं नव्हतं. ज्या स्विंगला मी पाच वर्षं शिव्या घातल्या तो बिचारा आपलं काम करत होता.

मग बुडालो कशाने? ते समासात लिहिलेलं होतं. मी सरावाचे तास समासात टिपायचो. आधीच्या वह्यांत असे: रेंज दोन, चिप दीड, पट दोन. २००९ नंतर: रेंज पाच, पट अर्धा. पुढे पुढे पटचा खानाच रिकामा. नवा स्विंग म्हणजे तान्हं मूल; त्याच्यापायी घरातल्या बाकीच्यांकडे बघायला वेळ मिळत नाही. फेरीमागे एक ग्रीन कमावलं आणि त्याच फेरीत दोन पट गमावले. शिवाय रोज पाच तास तेच वळण, तीच कंबर.

आणि तिसरी गोष्ट, जी एक्सेलमध्ये मावली नाही. जुन्या वह्यांत चुकलेल्या फटक्यांपुढे एकच खूण होती: 'उ'. उजवीकडे. चुकायचो, पण एकाच बाजूला, म्हणून डावीकडचं तळं माझ्यासाठी नव्हतंच. नव्या वह्यांत 'उ' आणि 'डा' दोन्ही, सरमिसळ. व्यावसायिक खेळाडूचं पोट त्याच्या चांगल्या फटक्यांवर भरत नाही, चांगले सगळ्यांचेच असतात. आपण कुठे चुकतो हे ठाऊक असण्यावर ते भरतं. मी तेरा-चौदा वर्षं मुरवलेली चूक देऊन कोरी चूक घेतली होती.

हे कळल्यावर मी मोठ्या खेळाडूंच्या गोष्टी परत वाचल्या, तर त्या निराळ्या दिसायला लागल्या. निक फाल्डो १९८३ मध्ये युरोपात अव्वल होता, तरी १९८५ मध्ये डेव्हिड लेडबेटरकडे जाऊन त्याने स्विंग मुळापासून बांधला. दोन वर्षं एक विजय नाही. मग १९८७ मध्ये म्युरफिल्डला शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा पार खेळून ओपन जिंकली, आणि मेजर म्हणतात त्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा एकूण सहा. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकली आणि त्यानंतर स्विंग मोडला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर एकच विजय, १९९९ मध्ये आठ, २००० मध्ये नऊ. पद्धतीचे पुजारी इथे थांबतात. पण पाड्रिग हॅरिंग्टननेही तेच केलं. २००७ आणि २००८ मिळून तीन मेजर जिंकल्यावर तो सुधारणा करायला बसला. मेजर परत आलं नाही, आणि पीजीए टूरवरचा पुढचा विजय यायला २०१५ उजाडलं. मेहनतीत तो कुणाला हार जाणारा नव्हता.

आणि माझा बॅडली? त्या पद्धतीत असताना तो २००६ आणि २००७ मध्ये जिंकला. २००७ च्या यूएस ओपनमध्ये तीन दिवसांनंतर दोन फटक्यांनी पुढे होता, चौथ्या दिवशी ८० मारले. मग त्याने पद्धत सोडली, जुन्या गुरूकडे परत गेला, आणि २०११ मध्ये पुन्हा जिंकला. मला विचाराल तर या आकड्यांवरून पद्धत चांगलीही ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. माणूस चांगला खेळणारा होता एवढंच ठरतं. फाल्डोची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते कारण तो जिंकला. ग्रिप बसवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची गोष्ट कुठल्या मासिकात येणार?

दुसऱ्या बाजूला जिम फ्यूरिक. त्याचा क्लब वर जाताना एका वाटेने आणि खाली येताना भलत्याच वाटेने. बघणाऱ्याला चक्कर यावी. शिकवणारे एकटे वडील. त्यांनी तो गोलमाल सरळ केला नाही. त्याच स्विंगवर २००३ ची यूएस ओपन, पीजीए टूरचे १७ विजय, आणि २०१६ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका फेरीत ५८. आपल्या जीव मिल्खा सिंगचा स्विंगही कुणी नमुना म्हणून दाखवत नसे. युरोपियन टूरवर त्याने चार स्पर्धा जिंकल्या. क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. क्लबचा चेहरा त्या क्षणी कुठे बघतोय, क्लब कुठल्या वाटेने आणि किती वेगाने आला, चेंडूच्या लेखी एवढंच असतं. आता रडारवर चालणारं यंत्र हे सगळं मोजून दाखवतं. लाखोंचं यंत्र, पण काम आगेवाल्याचंच: मारणाऱ्याकडे न बघता चेंडूकडे बघायचं.

म्हणून आता शिकवताना मी काय करतो? नेहमी एकच नाही. एक मुलगी आली होती. वरून कापत मारायची आणि मनगट सुजायचं. तिला मी मुळापासून बदललं. अठरा महिने लागले. तिच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, वर्षभर निकाल खाली जातील, तेवढा धीर आणि तेवढे पैसे आहेत का?" त्या पूर्ण वेळात रोजचा एक तास पटिंगचा, तो मोडू दिला नाही. आज तिचं मनगट दुखत नाही. दुसरा एक मुलगा, ड्रायव्हरचा पोरगा, चेंडू जोरात डावीकडे वळवायचा. ज्याने त्याने सांगितलं, याचा स्विंग बदला. मी त्याच्या चुका मोजल्या: सगळ्या एका बाजूला. त्याला हात लावला नाही. फक्त चेंडू पायांमध्ये थोडा पुढे ठेवायला शिकवला आणि उरलेला वेळ ग्रीनभोवती घालवला. पुढच्या वर्षी त्याला कार्ड मिळालं. यातलं कुठलंही उत्तर मी दुसऱ्याला दिलं असतं तर दोघांचं वाटोळं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात एक विशीतला व्यावसायिक आला. मोबाइल, संथ गती, तोच प्रश्न. मी म्हणालो, आधी वर्षभर वही लिही, मग बघू. त्याचा चेहरा पडला. "सर, वर्षभर? तोवर बाकीचे कुठल्या कुठे जातील." तो दुसऱ्याकडे गेला आणि पद्धत बदलून घेतली. मध्यंतरी त्याचं नाव निकालांत बरंच वर दिसलं. एक ओळखीचा गृहस्थ मला खिजवत म्हणाला, "बघा, तुमचं नाही ऐकलं ते बरं झालं त्याचं."

झालंही असेल. कदाचित त्याची चूक नेमकी तीच होती जी ती पद्धत दुरुस्त करते. कदाचित तो सगळ्यात वाईट दिवशी निघाला होता आणि आता नुसता ताप उतरतोय. ग्रीन वाढली की पट कमी झाले, सरावाचे तास कुठून काढले, चुकतो तेव्हा 'उ' की 'डा', कंबर काय म्हणते, यातलं मला काही ठाऊक नाही. मी म्हणालो, "बरं झालं." त्याची वही माझ्याकडे नाही.